खुली शासकीय माहिती व नागरी ॲप (मुंबई उपनगरे)

खुली शासकीय माहिती व नागरी ॲप : शासनाने वा सार्वजनिक संस्थेने आपल्या कामकाजासाठी गोळा केलेली माहिती कोणासही विनामूल्य, संगणकास थेट वाचता येईल अशा स्वरूपात आणि पुनर्वापराच्या स्पष्ट परवानगीसह उपलब्ध करून दिली, म्हणजे तिला ‘खुली शासकीय माहिती’ असे म्हणतात. अशा माहितीच्या आधारे नागरिकांच्या दैनंदिन उपयोगासाठी रचलेला, मुख्यतः भ्रमणध्वनीवर चालणारा संगणक कार्यक्रम म्हणजे ‘नागरी ॲप’ होय. गाडीची वेळ सांगणे, बसचा मार्ग शोधून देणे, रस्त्यावरील खड्ड्याची तक्रार नोंदविणे, पावसाचा इशारा देणे ही अशा ॲपची ठळक कार्ये आहेत.

मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे पश्चिमेकडील अंधेरी ते बोरिवली आणि पूर्वेकडील घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यांत, अशी ॲप २०१० पासून प्रचारात आली. त्यांचा इतिहास मात्र वरील व्याख्येच्या उलट क्रमाने घडला. येथे शासनाने आधी माहिती खुली केली आणि नंतर आज्ञावलीकारांनी (संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी) ॲप रचली, असे झाले नाही. प्रसिद्ध झालेली, परंतु खुली नसलेली माहिती आज्ञावलीकारांना स्वतःच्या श्रमाने वापरण्याजोगी करून घ्यावी लागली. प्रसिद्ध माहिती आणि खुली माहिती यांतील हे अंतर कोणी व कसे भरून काढले, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी : उपनगरांची वाढ रेल्वेच्या आधारे झाली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. तिच्या स्थानकांच्या यादीत बोरिवलीचे नाव ‘बेरेवला’ आणि अंधेरीचे ‘अंदारू’ अशा अर्थाच्या इंग्रजी वर्णांत आढळते. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेवरील गाड्या धावू लागल्या. अंधेरी व घाटकोपर ही स्थळे १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती, तर मुंबई शहर जिल्ह्याची ३०,८५,४११. म्हणजे त्या वेळी बृहन्मुंबईच्या दर चार रहिवाशांपैकी तीन उपनगरांत राहत होते.

एवढ्या वस्तीच्या दैनंदिन व्यवहाराची माहिती एका कार्यालयात नसते. लोकल गाड्या केंद्र शासनाच्या पश्चिम व मध्य या दोन रेल्वे विभागांकडे, बस महानगरपालिकेच्या बेस्ट उपक्रमाकडे, रिक्षाचे भाडे परिवहन प्राधिकरणाकडे, तर वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली सु. ११.४ किमी. लांबीची मेट्रो खासगी भागीदारीतील कंपनीकडे होती. रस्त्यांचीही स्थिती अशीच होती. पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये महानगरपालिकेकडे आले. तोपर्यंत त्यांची देखभाल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण करीत असे. मुलुंडहून घाटकोपरमार्गे अंधेरीस जाणाऱ्या माणसाचा प्रवास एकच असला, तरी त्याची माहिती तीन-चार संस्थांत विभागलेली होती.

ही गरज पूर्वी छापील साधनांनी भागविली जाई. फलाटावरील दुकानांत मिळणारी खिशात मावणारी वेळापत्रके, रविवारच्या मेगाब्लॉकच्या वृत्तपत्रांतील सूचना आणि रिक्षाचालकाकडील दरपत्रक ही त्यांतील प्रमुख होत. यांत्रिक मीटरच्या काळात मीटरवरील आकडा म्हणजे भाडे नसे. दरपत्रकात त्या आकड्यासमोर छापलेली रक्कम द्यावी लागे. पुढे भ्रमणध्वनीवरील ॲपनी प्रथम हीच तीन साधने उचलली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कायदेशीर पाया : महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा परिणामकारक कायदा २००२ मध्ये अध्यादेशाच्या रूपाने आला. केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध ठेवावेत, शक्य तेथे संगणकात भरावेत आणि अधिकाधिक माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावी असे ठरले. कलम २ मधील व्याख्येत फ्लॉपी, फीत वा अन्य इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळविण्याचा हक्क समाविष्ट आहे. कलम ७ नुसार माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यावयाची असते. मात्र त्यामुळे कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असेल, तर अपवाद करता येतो.

यानंतर १७ मार्च २०१२ रोजी केंद्र शासनाचे राष्ट्रीय माहिती सहभाग व उपलब्धता धोरण अधिसूचित झाले आणि त्याच वर्षी शासकीय माहितीसंचांचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. पुनर्वापराचा शासकीय खुला परवाना २०१७ मध्ये आला. हे धोरण केंद्रीय मंत्रालये व विभाग यांच्यासाठी होते. महानगरपालिकेस वा तिच्या बस उपक्रमास ते थेट बंधनकारक नव्हते. त्यामुळे नागरिकाला सर्वाधिक लागणारी स्थानिक माहिती त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

स्वामित्वहक्काचा प्रश्नही येथे उद्भवतो. १९५७ च्या कायद्यानुसार शासकीय लेखनाचा स्वामित्वहक्क शासनाकडे असतो आणि राजपत्र, अधिनियम, न्यायनिर्णय यांसारख्या काही प्रकारांनाच पुनर्मुद्रणाची सवलत आहे. दुसऱ्या बाजूने, केवळ श्रम करून संकलन केल्याने हक्क निर्माण होत नाही, त्यासाठी काही अंशी निर्मितिक्षमता असावी लागते, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात सांगितले. गाडी ८ वाजून १२ मिनिटांनी सुटते हे तथ्य कोणाच्याही मालकीचे नाही. परंतु ते ज्या कोष्टकात छापले आहे त्याचा वापर कोणी किती करावा, याविषयी स्पष्ट परवाना नसला की आज्ञावलीकार साशंक राहतो.

लोकलचे वेळापत्रक : उपनगरांतील नागरी ॲपचे सर्वांत ठळक उदाहरण ‘एम-इंडिकेटर’ हे होय. सचिन टेके यांनी ते २०१० मध्ये सुरू केले. स्मार्टफोनचा प्रसार होण्यापूर्वीच्या साध्या भ्रमणध्वनींवरही ते चालत असे आणि संपूर्ण वेळापत्रक यंत्रातच साठविलेले असल्याने त्यास आंतरजालाची जोडणी लागत नसे. गर्दीच्या डब्यात वा संपर्क न मिळणाऱ्या ठिकाणीही ते उपयोगी पडे. त्याच्या प्रसाराचे हे महत्त्वाचे कारण होते. पुढे त्यात बसमार्ग, रिक्षा-टॅक्सीचे दर, मेगाब्लॉकच्या सूचना इ. भर पडली.

अशा ॲपमागील श्रम सहसा दिसत नाहीत. चर्चगेट–बोरिवली मार्गावर राममंदिर स्थानक होण्यापूर्वी २१ स्थानके होती; म्हणजे एका धीम्या गाडीच्या एका फेरीसाठी २१ वेळा नोंदवाव्या लागत. पश्चिम व मध्य रेल्वे मिळून उपनगरी फेऱ्यांची संख्या दिवसाला अडीच हजारांच्या वर होती. शिवाय त्या एकसारख्या नसतात. काही गाड्या बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत सर्व स्थानकांवर थांबून पुढे जलद होतात; मध्य रेल्वेवर काही जलद गाड्या मुलुंडला थांबतात, तर काही थांबत नाहीत. छापील कोष्टकात हा भेद एखाद्या रिकाम्या चौकटीने दर्शविला जातो. वाचणाऱ्यास तो समजतो, संगणकास तो स्वतंत्रपणे सांगावा लागतो. एक चौकट चुकली, तर न थांबणाऱ्या गाडीची कोणीतरी फलाटावर वाट पाहत राहतो.

नोंदी एकदा भरून हे काम संपत नाही. २२ डिसेंबर २०१६ रोजी जोगेश्वरी व गोरेगाव यांदरम्यान राममंदिर स्थानक सुरू झाले, तेव्हा तेथे थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नोंदीत एका वेळेची भर पडली. २५ डिसेंबर २०१७ रोजी देशातील पहिली वातानुकूलित लोकल बोरिवलीहून निघाली. तिचे भाडे वेगळे असल्याने गाडीचा प्रकार दर्शविणारी नवी नोंद आवश्यक ठरली. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. वेळापत्रक ठरावीक रचनेत रेल्वेनेच प्रसृत केले असते, तर असा बदल एका ठिकाणी करून सर्वांपर्यंत पोहोचला असता. तसे नसल्याने प्रत्येक ॲपकर्त्यास तो स्वतंत्रपणे शोधून भरावा लागला. या श्रमाचे फळही ओघानेच त्या त्या ॲपपुरते मर्यादित राहिले. सार्वजनिक वेळापत्रकाची संगणकीय प्रत खासगी कष्टांतून निर्माण झाली आणि तिची सार्वजनिक प्रत नव्हती.

वेळापत्रक गाडी केव्हा यावी हे सांगते. ती प्रत्यक्षात कोठे आहे हे सांगत नाही. ही उणीव प्रवाशांनीच भरून काढली. ‘एम-इंडिकेटर’मधील संवादसोयीतून गाडीतील प्रवासी उशिराची वार्ता पुढच्या स्थानकांवरील प्रवाशांना देऊ लागले. मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ या अधिकृत ॲपमध्ये लोकलचे प्रत्यक्ष स्थान दाखविण्याची सोय २०२२ मध्ये झाली. म्हणजे माहिती संस्थेकडे असूनही नागरिकांना ती पुष्कळ काळ एकमेकांकडून मिळवावी लागली.

बसमार्ग : बसची माहिती लोकलहून गुंतागुंतीची आहे. थांबे अधिक, मार्ग बदलते आणि एकाच थांब्याची नावे अनेक असतात. बेस्टच्या बसच्या दर्शनी भागावरील मार्गक्रमांक देवनागरी अंकांत असतो. हे अंक न वाचता येणाऱ्यास ॲपची मदत विशेष होते. वातानुकूलित गाड्यांच्या मार्गक्रमांकाआधी ‘ए’ हे अक्षर लावले जाऊ लागल्याने जुन्या याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. २०२१ च्या अखेरीस बेस्टने एका खासगी कंपनीच्या साहाय्याने ‘चलो’ हे ॲप आणले आणि बसचे प्रत्यक्ष स्थान प्रवाशांना दिसू लागले. ही सोय मोठीच होती. परंतु प्रवाशास बस दिसणे आणि बसच्या स्थानाची माहिती इतर कोणत्याही आज्ञावलीकारास वापरता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सार्वजनिक वाहतुकीची माहिती देण्याची एक सर्वमान्य रचना २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था व गूगल यांनी तयार केली. थांबे, मार्ग, फेऱ्या व प्रत्येक थांब्यावरील वेळा यांच्या साध्या मजकुरी याद्या एवढेच तिचे स्वरूप आहे. भारतात कोची मेट्रोने २०१८ मध्ये आपली माहिती या रचनेत खुली केली. त्याच वर्षी दिल्ली शासनाने इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने बसच्या वेळापत्रकांबरोबर त्यांचे प्रत्यक्ष स्थानही आज्ञावलीकारांना उपलब्ध करून दिले. या उदाहरणांवरून अडचण तांत्रिक नव्हती, हे स्पष्ट होते.

तक्रारी व खड्डे : प्रजा फाउंडेशन या संस्थेने महानगरपालिकेसह १९९९ मध्ये नागरिकांची सनद तयार केली आणि २००३ मध्ये तक्रारनोंदणीची संगणकीय पद्धत उभारण्यास साहाय्य केले. पुढे तक्रारींची विभागवार आकडेवारी माहितीच्या अधिकारातून मिळवून ती दरवर्षी अहवालरूपाने प्रसिद्ध करण्याची प्रथा या संस्थेने पाडली. अंधेरीचे के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, घाटकोपरचा एन आणि मुलुंडचा टी या विभागांतील तक्रारींची व त्या निकालात काढण्यास लागलेल्या दिवसांची तुलना अशा संकलनामुळेच शक्य झाली. ज्या तक्रारी संगणकातच नोंदविल्या गेल्या, त्यांचे आकडे मिळविण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागावा, हा या व्यवस्थेतील अंतर्विरोध होता.

खड्ड्यांच्या बाबतीत महानगरपालिकेने २०११ मध्ये छायाचित्रासह तक्रार स्वीकारणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली. प्रत्येक खड्डा नकाशावर दिसत असल्याने तो बुजविला की नाही हे कोणासही पाहता येई. काही वर्षांनी ती बंद झाली. २०१९ मध्ये नवे ॲप आले आणि त्या वर्षी १ ते ७ नोव्हेंबर या काळात, किमान एक फूट लांब व तीन इंच खोल असलेला खड्डा तक्रारीनंतर २४ तासांत न बुजविल्यास तक्रारदारास ५०० रुपये देण्याची योजना जाहीर झाली. तिला वृत्तपत्रांत मोठी प्रसिद्धी मिळाली. ॲप बदलले की मागील नोंदींचा धागा तुटतो, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. एकाच ठिकाणी दर पावसाळ्यात खड्डा पडतो की काय, हे सांगण्यास अनेक वर्षांच्या सलग नोंदी लागतात. ठेकेदाराच्या कामाची खरी परीक्षा त्यांतूनच होऊ शकते.

पर्जन्यमान व पूर : स्थानिक माहितीचे मोल २६ जुलै २००५ रोजी अत्यंत कठोरपणे प्रत्ययास आले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली, तर कुलाब्यास सु. ७३ मिमी. शहराच्या दक्षिण टोकावरून उपनगरांतील संकटाची कल्पना येणे अशक्य होते. त्यानंतर २००६ पासून महानगरपालिकेने स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. त्यांतील अनेक यंत्रे अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर बसविण्यात आली आणि दर १५ मिनिटांनी त्यांचे आकडे मिळू लागले. १२ जून २०२० रोजी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालय व महानगरपालिका यांची ‘आय-फ्लोज मुंबई’ ही पूरइशारा प्रणाली कार्यान्वित झाली. २०२४ मध्ये पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘मुंबई फ्लड’ हे ॲप व संकेतस्थळ सुरू केले. त्यात स्थानिक पर्जन्याच्या अंदाजाबरोबर आपल्या परिसरात किती पाणी साचले आहे हे नागरिकांनी कळविण्याचीही सोय ठेवण्यात आली. शासकीय मापन व नागरिकांचे निरीक्षण यांचा येथे झालेला मेळ उपनगरांतील अन्य प्रयत्नांच्या तुलनेत अधिक परिपूर्ण आहे.

विकास आराखडा : प्रसिद्ध माहिती नागरिकांनी तपासली म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणजे २०१४–३४ या कालावधीचा विकास आराखडा होय. त्याच्या पूर्वतयारीत विद्यमान भूवापराचे नकाशे लोकांसमोर ठेवण्यात आले, तेव्हा रहिवासी व नागरी संस्था यांनी त्यांतील असंख्य चुका दाखवून दिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांचा ओघ वाढला आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने फेरतपासणीचा आदेश दिला. सुधारित आराखड्यास २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. माहिती उघड केल्याने यंत्रणेची नाचक्की होते, अशी भीती अधिकाऱ्यांना असते. परंतु चूक कागदावर असतानाच सापडणे हे ती जमिनीवर उतरल्यानंतर सापडण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चाचे असते.

मूल्यमापन : अमेरिकेतील राष्ट्रीय माहिती संकेतस्थळ २००९ मध्ये व ब्रिटनमधील २०१० मध्ये सुरू झाले. रस्त्यांवरील दोष कळविण्याची ब्रिटनमधील ‘फिक्समायस्ट्रीट’ ही सेवा त्याहून जुनी, २००७ मधील आहे. तिच्यामागील आज्ञावली सर्वांना खुली असल्याने ती इतर देशांतही वापरता आली. मुंबईच्या उपनगरांत कौशल्याची वाण नव्हती. अंधेरी, गोरेगाव, पवई येथे संगणक व्यवसायाची मोठी केंद्रे आहेत. उणीव होती ती माहिती देणाऱ्या संस्थांच्या भूमिकेची. त्यांनी पुष्कळदा ॲप दिले, पण त्यामागील माहिती दिली नाही. ॲप हे ठेक्यावर तयार होते आणि ठेका संपला की बंद पडू शकते. माहिती खुली असली, तर एक ॲप बंद पडल्यावर दुसरे उभे राहते.

खुलेपणास मर्यादाही आहेत. तक्रारदाराचे नाव व दूरध्वनी क्रमांक उघड झाल्यास त्यास उपद्रव होऊ शकतो. प्रवासाच्या नोंदींवरून व्यक्तीचा दिनक्रम कळू शकतो. विदा संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद बदलला असून त्यायोगे हा अपवाद अधिक व्यापक झाल्याची टीका झाली आहे. तथापि गाडीची वेळ, बसचा मार्ग, पावसाचे मान व खड्ड्याचे ठिकाण ही कोणाचीही वैयक्तिक माहिती नव्हे. ती सार्वजनिक पैशाने निर्माण होते आणि जनतेसाठीच प्रसिद्ध केली जाते. तिच्या संगणकीय प्रतीचा हक्कही जनतेचा असावा, ही मागणी त्यामुळे नवी म्हणता येत नाही. २००५ च्या कायद्यातील फ्लॉपीच्या उल्लेखात ती आधीच अंतर्भूत होती.